पळीभर पाऊस

मलकापूरच्या फलाटावर उतरले तेव्हा माझ्या एका हातात वळकटी होती, दुसऱ्या हातात छत्री आणि काखेत घट्ट धरलेली कापडी पिशवी. हमालाने वळकटी मागितली, मी दिली. छत्री मागितली, तीही दिली. पिशवीला हात लावल्याबरोबर मात्र मी अशी दचकले की तो बिचारा दोन पावलं मागे सरला.

"सोनंबिनं हाये का बाई?"

"नाही हो. पाऊस आहे," मी म्हणाले.

त्याने वर पाहिलं. श्रावण अर्धा उलटला होता आणि आभाळ घासलेल्या परातीसारखं लख्ख होतं. मग त्याने पिशवीकडे पाहिलं.

"मंग काढा ना बाहेर! काऊन कोंडून ठेवला?"

पिशवीत खरोखरच पाऊस होता. वऱ्हाडातल्या गावोगावच्या पर्जन्यमापकांत वर्षानुवर्षं पडलेला, मी हाताने कागदावर उतरवून घेतलेला. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. पुण्यात एका संशोधन कचेरीत मी हंगामी मदतनीस होते, आणि प्रश्न असा होता की इकडचं हवामान बदलतं आहे की लोक उगाच कुरकुरताहेत. आता हे ठरवायचं तर पावसाचे आकडे हवेत आणि पिकांचेही हवेत. पाऊस होता पुण्याला आमच्या साहेबांच्या कपाटात, पिकं होती नागपूरला तिथल्या साहेबांच्या कपाटात, आणि दोघेही आपापली किल्ली जानव्याला बांधून झोपत असावेत. शेवटी नागपूरच्या विमल वानखडेने आणि मी पत्रापत्री करून ठरवलं की आपण मधेच कुठेतरी भेटावं. मधे म्हणजे मलकापूर.

आमची ओळख पटायला खूण लागली नाही. काळ्या काठाचं पांढरं पातळ नेसलेली एक उंच मुलगी माझ्याइतक्याच घट्टपणे पिशवी कवटाळून चहाच्या गाड्याशी उभी होती. चहा झाला. मग गोडगोड बोलणं झालं. मग दोघी एकमेकींच्या पिशवीकडे बघत बसलो.

"आधी तुम्ही दाखवा," मी म्हणाले.

"वा! राजधानी तर तुम्ही नेलीच आमची. आता आकडेही नेता काय?"

ती हसत म्हणाली, पण पिशवीची गाठ काही सोडली नाही. मीही सोडली नाही. दोघी साहेबांच्या नावाने बोटं मोडत होतो, आणि वागत होतो तंतोतंत त्यांच्यासारख्या.

मला खरं तर धास्ती होती, ती का ते सांगते. दसऱ्यानंतर पुण्यात तरुण संशोधकांची बैठक भरायची होती. तिथे मी निबंध वाचणार होते, आयुष्यातला पहिला. अमडापूरच्या अलीकडे एक गाव आहे. (नाव सांगणार नाही. तिथल्या सुभद्राकाकूंनी शपथ घातली आहे, आणि त्यांच्या हातचा ठेचा खाल्लेलं माणूस त्यांची शपथ मोडायला धजणार नाही.) त्या गावात गेली काही वर्षं एक चमत्कार होत होता. पावसाने ओढ दिली, आसपासची पाऊस मोजायची सगळी ठाणी कोरडी पडली, की नेमका या एका गावात थोडासा पाऊस पडायचा. दर वेळी साधारण तेवढाच. गावाभोवती झाडं लावल्याचं मी एका सरकारी अहवालात वाचलं होतं. त्यावरून सिद्धांत तयार झाला: झाडांनी गावाची हवाच बदलली. साहेबांना तो इतका आवडला की त्यांनी चार मोठ्या लोकांना सांगूनही टाकलं. एरवी 'मुलींचं हवामानशास्त्र म्हणजे छत्री घ्यावी की नाही' असं म्हणणारे आमचे साहेब! हा निबंध उभा राहिला तर मी कचेरीत टिकणार होते. पडला तर दुसरं वाचायला माझ्याकडे काही नव्हतं. म्हणून बैठकीआधी ते गाव एकदा डोळ्यांनी पाहावं, आणि विमलकडून तिथल्या पिकांचे आकडेही मिळवावेत, असा माझा बेत होता.

दुपारच्या एसटीने आम्ही बुलढाण्याला निघालो. मोताळा मागे पडलं आणि राजूरच्या घाटात गाडीने मान टाकली. बॉनेटमधून वाफा निघू लागल्या. कंडक्टरने पाणी मागितलं. एका बाईने आपला फिरकीचा तांब्या दिला, तो इंजिनाने एका घोटात संपवला. कंडक्टरने आभार मानून तांब्या परत केला, तर बाई तो घेईचना.

"रिकामं भांडं वापस देते काय कोनी? मी नाही घेत."

"अवो बाई, इथं घाटात मी काय भरू त्याच्यात?"

"ते तुमी पाहा."

सगळी गाडी खोळंबली, पण बाईला कोणी चूक म्हणेना. अखेर कंडक्टरने खिशातून पेपरमिंटची एक गोळी काढून तांब्यात टाकली. ती टण्‌कन वाजली, बाईने तांब्या घेतला आणि गाडी सुटली. मला हसू आवरेना. विमल म्हणाली, "हसू नका. माझी आईसुद्धा शेजारणीची वाटी साखरेच्या चिमटीशिवाय परत करत नाही." आमच्याकडेही तेच आहे, पण भांड्यासाठी एसटी अडवून धरलेली मी प्रथमच पाहिली.

घाटावर हवा गार झाली. बुलढाण्यात विमलच्या मावशीकडे मुक्काम केला आणि सकाळी देऊळघाट गाठलं. तिथला पर्जन्यमापक तपासून घ्यायचा होता. रस्त्याच्या दुतर्फा ज्वारी कमरेपर्यंत आलेली, पण रंग उतरलेला. कपाशी (इकडे तिला पऱ्हाटी म्हणतात) मात्र तग धरून होती. एका वावरात (शेतात) बांधावर बसलेले म्हातारे शेतकरी आमची चौकशी करू लागले.

"पाऊस मोजून राह्यल्या का तुमी?"

"हो बाबा."

"मोजल्यानं वाढते काय?"

"नाही."

"मंग कमी तं नाही ना होत? नाही म्हंजे, दोघी दोघी मोजून राह्यल्या म्हनून इचारलं."

देऊळघाटचे आकडे माझ्या नकलेशी बरोबर जुळले. त्या गावात पाऊस पडल्याच्या दिवशी इथे थेंब नव्हता. म्हणजे माझा चमत्कार शाबूत होता. मी इतकी खूश झाले की चिखलीपर्यंतच्या गाडीत विमलला खिडकीची जागा दिली. पिशवी दिली नाही.

अमडापूरच्या फाट्यावर उतरून आम्ही पायी निघालो. मी झाडं शोधत होते. माझी झाडं, हवा बदलणारी! गावाच्या वेशीपर्यंत आलो तरी सावली म्हणून मिळेना. शेवटी शाळेपाशी कडुनिंबाच्या काटक्यांची एक रांग दिसली. प्रत्येक काटकी गुडघ्याएवढी, आणि प्रत्येकीचा शेंडा साफ. शेवटच्या काटकीवर एक शेळी अजून काम करत होती.

विमलने शेळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमच्या सिद्धांताची पानं खाऊन राह्यली ती," ती म्हणाली. चेष्टा करताना तिची नागपुरी भाषा हटकून वऱ्हाडात उतरायची.

"पलीकडच्या बाजूला असतील झाडं," मी म्हणाले. पलीकडच्या बाजूला आणखी दोन शेळ्या होत्या.

शाळेचे गुरुजी पर्जन्यमापकाचं काम बघत. बारीक अंगाचे, टोपीची इस्त्री न मोडणारे गृहस्थ. त्यांनी आम्हांला भांडं दाखवलं तेव्हा मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला. इतका टापटीप पर्जन्यमापक मी जिल्ह्यात पाहिला नव्हता. चुन्याने सारवलेला ओटा, भोवती तारेचं कुंपण, कडी लावलेलं फाटक, आणि मधोमध आभाळाकडे तोंड करून बसलेलं नरसाळ्याचं भांडं. फक्त पितळी काठावर लालसर डाग होते. मी टिपून घेतलं: 'काठ गंजू लागला आहे.' पितळ गंजत नाही हे मला शाळेपासून ठाऊक होतं, पण त्या क्षणी आठवलं नाही.

उतरायची सोय शाळेला लागून असलेल्या मळ्यात सुभद्राकाकूंकडे होती. काकू भाजीपाला पिकवून अमडापूरच्या बाजारात नेत. ठेंगण्या, ठसठशीत कुंकवाच्या, आणि बोलायला लागल्या की समोरच्याला हं म्हणायलाही वाव न देणाऱ्या. त्यांनी भाकर, गवारीची भाजी, पाटोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांचा) आणि ठेचा वाढला.

"ठेचा जपून खा बाई, पुन्याच्या जिभेले सोसत नाही म्हनते."

असं कोणी म्हटलं की पुणेकर जपून खात नसतो. मी मोठा घास घेतला. पुढचा थोडा वेळ मला काही दिसलं नाही. डोळ्यांतून, नाकातून धारा लागल्या.

"पाऊस पडला! मोजून घे गं!" विमल ओरडली. त्या दिवसापासून आमचं अहो-जाहो संपलं. काकूंनी मला गूळ दिला आणि त्याही पदर तोंडाला लावून हसत बसल्या. मग त्यांनी दाराबाहेर नजर टाकली आणि हसू थांबलं.

"ज्वारीच्या पानाची सुरयी (सुरळी) होऊन राह्यली," त्या म्हणाल्या. "आता कराच लागन."

काय करावं लागेल ते मी विचारलं नाही. माझी जीभ जागेवर नव्हती.

सकाळी कोंबडं आरवायच्या सुमाराला बांगड्यांच्या आवाजाने जाग आली. काकू अंथरुणात नव्हत्या. बाहेर येऊन पाहते तो चार बाया शाळेच्या आवाराकडे निघालेल्या. डोक्यावरून पदर, हातात तांब्या, तांब्यात पळी. पुढे काकू. मला वाटलं, देवळात चालल्या. पण देऊळ उजवीकडे राहिलं आणि बायांनी पर्जन्यमापकाचं फाटक उघडलं.

काकूंनी भांड्याच्या काठाला हळद लावली, कुंकू लावलं. माझा गंज! मग पळीभर पाणी घेऊन त्यांनी शांतपणे नरसाळ्यात सोडलं.

"काकू!" मी अशी किंचाळले की शेळ्या पळाल्या.

बाया गोंधळल्या नाहीत. उलट त्यांचे चेहरे उजळले. काकू म्हणाल्या, "बरं झालं बाई तुमी उठल्या. पाच जनी लागते, अन् आमची पाचवी माहेरी गेली. या. तुमी तं त्याच्या घरच्या मानूस."

"कोणाच्या घरच्या?"

"ह्या भांड्याच्या! पुन्याचंच हाये ना ते?"

मागून विमल आली होती. तिने विचारलं, "पण काकू, पानी काऊन घालता त्याच्यात?"

काकूंना हा प्रश्नच कळेना. "आता पाहा," त्या लहान मुलाला समजावतात तशा सांगू लागल्या, "मायदेवाच्या पिंडीले तं आमी बुडोतोच, गाभारा भरून. पन हे भांडं पुन्यावाल्यांनी आपल्या दारी ठेवलं. गुरुजी रोज सकाळी झाकन काढते, अंदर पाहते, अन् कोरडं हाये म्हनून पुन्याले कळवते. दुसऱ्याचं भांडं रोज रोज रिकामं वापस! मानूस रुसते तिथं पाऊस नाही रुसनार? पान वळलं की आमी पाच पळ्या घालतो. जास्त नाही. नुसतं रिकामं जाऊ नये म्हनून."

आणि त्यांनी पळी माझ्या हातात दिली.

वाचकहो, हवामानशास्त्राची पदवी घेतलेली एक बाई पहाटे पर्जन्यमापकावर पळी धरून उभी आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. घालावं तर शास्त्राचा घात, न घालावं तर चार बायांचा अपमान. माझ्या सिद्धांताचा जीव तर तिथेच गेला होता. दर वेळी तेवढाच पाऊस! तेवढाच असणार नाही तर काय, पळी तीच होती. मी पाणी सोडलं. मेलेल्याच्या तोंडात घालतात तसं.

गुरुजी वेळेवर आले, त्यांनी बाटली काढली, मापात ओतली, डोळ्यांच्या पातळीला धरली आणि आकडा लिहिला.

"गुरुजी, तुम्हांला ठाऊक आहे हे पाणी कुठलं ते?"

"हाव. आमची मंडळीच असते त्या पाचांत. यंदा माहेरी गेली ते तीच."

"मग लिहिता कसं?"

गुरुजींना माझ्या अडाणीपणाची कीव आली असावी. "मले शिकवलं तं असं, की भांड्यात जे दिसन ते मोजायचं अन् लिहायचं. अंदाज करायचा नाही, मनचं लिहायचं नाही. पानी कुठून आलं हे लिहाले रकाना नाही. कोनी इचारलं बी नाही."

मी शाळेच्या मागे जाऊन रडले. ठेच्याचं निमित्त नव्हतं, खरंच रडले. बैठक तोंडावर, साहेबांनी सगळीकडे सांगून ठेवलेलं, आणि माझ्या हाती काय तर पाच पळ्या पाणी. क्षणभर असंही मनात आलं की हे विमलखेरीज कोणाला कळणार? निबंध वाचावा आणि गप्प बसावं. लाज वाटली, पण आलं खरं.

तेवढ्यात विमल धावत आली. तिने आपली पिशवी माझ्यासमोर पालथी केली. जिच्या गाठीकडे मी तीन तालुके नुसती बघत आले होते ती पिशवी!

"तुझ्या खोट्या पावसाच्या तारखा दे. सगळ्या."

"कशाला आता?"

"अगं बाई, माझ्याकडे पिकं किती आली ते आहे. पाण्याचा ताण नेमका कधी पडला ते कुठंच नाही, त्याच्याशिवाय माझे आकडे मुके आहेत. काकू पाणी कधी घालतात? पान वळलं की! म्हणजे पाऊस खोटा, पण तारीख खरी. तुझ्या गुरुजींनी एकही चुकवली नाही."

आम्ही शाळेच्या ओसरीवर कागद पसरले. तिचे कागद माझ्या मांडीवर, माझे तिच्या. ज्या वर्षी बाया पुन्हा पुन्हा तांब्ये घेऊन आल्या होत्या, त्या वर्षी तिच्याकडे ज्वारी बसलेली होती. ज्या वर्षी आल्याच नव्हत्या, त्या वर्षी कणसं भरलेली. एका वर्षाचं काही जुळेना. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "त्या साली लगीन होतं घरी, राहून गेलं." मला हसावं की पुन्हा रडावं समजेना. पोटात मात्र भूक जाणवू लागली, म्हणजे बरं वाटत असावं.

एक काम उरलं होतं. भांडं तर स्वच्छ राहायला हवं. मी काकूंना विनवलं की पाणी घालायचं ते शेजारी दुसरी वाटी ठेवून तिच्यात घाला, गुरुजी तेही लिहितील. गुरुजी तिथल्या तिथे पट्टी घेऊन नवा रकाना आखायला बसले. काकू मात्र अडून बसल्या.

"मंग पुन्याचं भांडं रिकामंच जाईन."

"जाऊ द्या. त्याच्यात काही घालून परत करायची जबाबदारी आमची," मी म्हणाले. "इथले आकडे आम्ही नेतो, त्यांतून जे निघेल ते तुम्हांला आणून सांगू. रिकामं परत करणार नाही."

"शप्पत?"

"शपथ."

निघताना काकूंनी पितळी डबा भरून दिला. भाकरी, तळलेली मिरची आणि, माझ्याकडे बघत, चमचाभर ठेचा. "डबा वापस आनजा बरं," त्या म्हणाल्या. मलकापूरला विमलची गाडी आधी आली. गाडी हलल्यावर माझ्या लक्षात आलं की तिची पिशवी माझ्याकडे आहे आणि माझी तिच्याकडे. खिडकीतून ती हात हलवत होती. घाई कोणालाच वाटली नाही.

बैठकीत मी वाचलं ते असं: गावात जादा पाऊस पडत नाही, झाडं शेळ्यांनी खाल्ली, पाणी बायांनी घातलं, एक पळी मी घातली. सभागृह हसून हसून लोळलं. आमचे साहेब पहिल्या रांगेत लाल होऊन बसले होते. मग नागपूरहून आलेली विमल उठली आणि तिने पळ्यांच्या तारखा आणि ज्वारी यांचा मेळ फळ्यावर मांडला. हसू हळूहळू थांबलं. एक वयस्क शास्त्रज्ञ म्हणाले, "हे आकडे खोटे आहेत ना? मग काढून टाका."

"खोटे नाहीत, दुसऱ्या रकान्यातले आहेत," मी म्हणाले. "आणि काढून टाकले तर त्या गावाला आम्ही परत काय करायचं? मी शपथ घेतली आहे."

बैठक संपल्यावर औरंगाबादकडचा एक मुलगा आपली वही घेऊन आला आणि म्हणाला, बघा, तुमच्या कामाचं काही असलं तर. त्याच्यामागे आणखी दोघे होते. साहेब दाराशी थांबले होते. मला वाटलं, आता हंगामी नोकरीही गेली. ते घसा खाकरून म्हणाले, "ती नागपूरची मुलगी... तिला आपल्या कपाटातलं आणखी काही लागणार असेल, तर विचारून ठेवा." आणि छत्री विसरून गेले.

घरी आईने काकूंचा डबा चिंचेने घासून उपडा घातला होता. "ह्याच्यात काय घालायचं गं?" तिने विचारलं. आई विचारत होती करंज्या की चकल्या. मी दोन्ही म्हणाले. वर एक कागद ठेवला: तुमच्या पळ्यांतून काय निघालं ते, साध्या मराठीत, गुरुजींना मोठ्याने वाचता येईल अशा अक्षरात. दिवाळीनंतर मी स्वतः जाऊन डबा दिला. गुरुजींनी शाळेत सगळ्यांसमोर कागद वाचला. काकूंनी ऐकून घेतलं, करंजी खाल्ली, फार गोड आहे म्हणाल्या, आणि मी निघाले तेव्हा डबा पुन्हा भरून माझ्या हातात ठेवला.

रिकामा तो कोणीच परत करू शकत नाही, तेव्हा हे कधी थांबणार कळत नाही. आज डबा आमच्या फडताळात आहे, घासून पुसून. काल आईने विचारलं, "बुलढाण्याला कधी जातेस?"